ग्रुपची राखण: आधी किती, नंतर किती?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. भांडुप, मुलुंड आणि ठाण्यातल्या घरगुती फराळ, मसाले, मोदक, पुरणपोळ्या करून विकणाऱ्या बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी पाच वर्षांपूर्वी सुरू केला. ग्राहक धरून आज नऊशेच्या आसपास लोक आहेत. माझ्यासह अकरा अ‍ॅडमिन आहोत. गेल्या दिवाळीआधी आमच्या एका अ‍ॅडमिन काकूंना ओळखीच्या बाईच्या नंबरवरून मेसेज आला, "माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्याकडे आलाय, पाठवता का?" त्यांनी पाठवला. लगेच त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं आणि त्यांच्याच नावाने ग्रुपवर स्वस्त सुक्या मेव्याची जाहिरात आणि पैसे भरायचा क्यूआर कोड आला. सकाळची वेळ होती. काहींनी दोन हजार भरले, काहींनी सात. आम्हाला कळलं संध्याकाळी. त्याआधी नव्याने आलेल्या एका माणसाने तीन मुलींना रात्री घाणेरडे मेसेज केले होते. ते तर महिन्याने कळलं.

आता आमच्यात दोन तट पडलेत. काहीजणी म्हणतात सगळं बंद करा, फक्त अ‍ॅडमिन लिहितील, प्रत्येकीकडून आधार कार्ड घ्या. काहींचं घेऊनही झालंय. बाकीच्या म्हणतात, एवढं सांभाळत कोण बसणार, कोणी चुकलं की काढून टाकू, उरलेलं पोलीस बघतील. काकू लाजेने ग्रुप सोडून गेल्या. गणपतीच्या ऑर्डरी आता सुरू होतील. बंदोबस्त आधी करावा की झाल्यावर कारवाई? आणि उद्या काही झालं तर अ‍ॅडमिन म्हणून मी अडकेन का? कधी कधी वाटतं, सोडून द्यावं हे सगळं.

उत्तर

भांडुपच्या ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी परत परत वाचली. पैसे सकाळी गेले, तुम्हाला संध्याकाळी कळलं. मुलींना मेसेज गेले, तुम्हाला महिन्याने कळलं. तुमचं भांडण चाललंय ते दार किती घट्ट लावायचं यावरून. नुकसान मात्र उशिराने जास्त झालंय. पहिल्या क्यूआर कोडनंतर दहा मिनिटांत कोणी ओरडलं असतं, तर पैसे भरणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या असत्या. पहिल्या मुलीने पहिल्याच रात्री कोणाला तरी सांगितलं असतं, तर उरलेल्या दोघींपर्यंत तो माणूस पोचलाच नसता. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. आधी करायची कामं मोजकी ठेवा, पण ती एकही चुकवू नका. आणि काही घडल्यावर जे करायचं, त्याची तयारी आजच, डोकं शांत असताना करून ठेवा.

आपल्या शहरात हे दर पावसाळ्यात दिसतं. महापालिका पावसाळ्याआधी नाले उपसते. ते झालंच पाहिजे, कारण रोजचा साधा पाऊस नालेच वाहून नेतात. पण मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या आहेत, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कितीही उपसलेला नाला तेवढं पाणी पोटात घेऊ शकत नाही. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर अशा ठिकाणी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. पंप चालतो पाऊस पडल्यावरच, पण पाऊस सुरू झाल्यावर तो विकत आणून बसवता येत नाही. तुमच्या पहिल्या तटाला नऊशे चव्वेचाळीस मिलिमीटर मावेल एवढा नाला खणायचाय. दुसरा तट पंपाशिवाय पंप चालवू म्हणतोय.

आता काकूंचं काय झालं ते नीट समजून घेऊ, कारण उपाय त्यातच आहे. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर सुरू करायला त्या नंबरवर सहा आकडी कोड येतो. काकूंकडे आलेला कोड त्या दुसऱ्या बाईचा नव्हता, काकूंचाच होता. चोराने आपल्या फोनवर काकूंचा नंबर टाकला, कोड काकूंकडे आला, आणि तो मागायला ओळखीच्या बाईचं आधीच बळकावलेलं खातं वापरलं. ओळखीच्या नंबरवरून आलं म्हणून काकूंनी विश्वास ठेवला. यात मूर्खपणा काही नाही. माणसाच्या चांगुलपणावरच ही युक्ती चालते.

काकूंनी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावलेला असता, तर कोड देऊनही चोर आत शिरला नसता. तो पिन सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली मिळतो. सहा आकडे आपण स्वतः ठरवायचे, आणि विसरलाच तर परत मिळवायला ईमेल जोडून ठेवायचा. तुमच्या बाबतीत आधी करायच्या कामांत याच्याइतकं स्वस्त आणि याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. नऊशे जणांकडून ते करून घेणं अवघड आहे, मला कल्पना आहे. अ‍ॅडमिनकडून मात्र ते झालंच पाहिजे. एखाद दुपारी सगळ्या अ‍ॅडमिन एका घरी बसा, चहा ठेवा, आणि प्रत्येकीच्या फोनवर पिन लागलेला डोळ्यांनी बघा. त्याच बैठकीत लिंक्ड डिव्हाइसेस (आपलं व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठे जोडलंय त्याची यादी) उघडून बघा, अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट करा. चोर आता हाही रस्ता वापरतात. "माझ्या भाचीला नाचाच्या स्पर्धेत मत द्या" अशी लिंक येते, ती नंबर विचारते, मग आठ अक्षरांचा एक कोड व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकायला लावते. तो टाकला की त्यांचा कॉम्प्युटर तुमच्या खात्याला जोडला जातो. तुमचा फोन नेहमीसारखा चालू राहतो, त्यामुळे शंकाही येत नाही.

आणि अकरा अ‍ॅडमिन कशाला हवेत? प्रत्येक अ‍ॅडमिनचा फोन म्हणजे ग्रुपची एक किल्ली. चार पुरे, फार तर पाच. कोणाला वाईट वाटेल याची तुम्हाला काळजी वाटेल, म्हणून सांगते, हे मानाचं पद म्हणून वाटू नका, पाळ्यांचं काम म्हणून वाटा. गणपती ते दिवाळी या चार जणी, पुढच्या मोसमात दुसऱ्या चार.

यावरूनच "फक्त अ‍ॅडमिन लिहितील" या उपायाबद्दल बोलते, कारण तो मला धोक्याचा वाटतो. तुमच्याकडे खातं गेलं ते अ‍ॅडमिनचंच. फक्त अ‍ॅडमिन बोलू शकतात अशा ग्रुपमध्ये चोर अ‍ॅडमिनच्या नावाने आला, तर बोलणारा तो एकटाच असेल. "अहो, हे खोटं वाटतंय" असं लिहायची सोयही बाकीच्यांना उरणार नाही. शिवाय अशा ग्रुपमध्ये अ‍ॅडमिनच्या शब्दाला जास्त वजन येतं, म्हणजे फसवणूकही जास्त खपते. आणि तुमचा ग्रुप पाच वर्षं टिकला तो उकडीला कुठला तांदूळ घेतला, चकली का हसली, मुलुंड स्टेशनवर डबा कोण घेईल, या बोलण्यावर. ते बंद केलंत तर बायका बोलायच्या थांबणार नाहीत. त्या दुसरीकडे ग्रुप काढतील, जिथे राखण करायला कोणीच नसेल. घोषणांसाठी वेगळा ग्रुप हवा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या कम्युनिटीत ती सोय आहे. तिथल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, हा मोठाच फायदा. ग्राहकांना तिथे ठेवा. बोलणाऱ्या, विकणाऱ्या बायका आतल्या ग्रुपात राहू द्या. तीन मुलींचे नंबर त्या माणसाला मिळाले ते नऊशे जणांच्या उघड्या यादीतूनच ना?

आधार कार्डांचं तर मी स्पष्टच सांगते. जमवणं आजच थांबवा आणि घेतलेली पुसून टाका. चॅटमधून पुसा, फोनच्या गॅलरीतून पुसा, गुगल फोटोजमध्ये आपोआप गेलेल्या प्रतीही शोधून पुसा, आणि पुसल्याचं त्या बायकांना कळवा. काकूंसारखाच तुमचाही फोन गेला, तर चोराच्या हाती शेकडो बायकांची ओळखपत्रं एकगठ्ठा पडतील. सुरक्षेसाठी जमवलेली वस्तूच सगळ्यात मोठा धोका होऊन बसेल. त्यातून मिळतंय काय? काकूंचं आधार कार्ड खरंच होतं, तरी त्यांच्या नावाने फसवणूक झालीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा गाभाही असाच आहे, की माहिती लागेल तेवढीच घ्यावी, कशासाठी ते सांगून घ्यावी, आणि काम झालं की ठेवू नये.

विकणारी बाई खरी आहे का हे तपासायला तुमच्या धंद्यात याहून चांगली गोष्ट आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला, घरातून विकत असली तरी, एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा १४ आकडी नंबर त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. तो नंबर लपवायची गोष्ट नाही, पाकिटावर छापायचीच असते. विकणारीकडून तोच मागा. जिच्याकडे नाही तिला ग्रुपमधून काढू नका. नोंदणी केलेल्या दोघी-तिघींना सांगा, त्या बसून तिचा अर्ज भरून देतील. ग्राहकांसाठी एवढंच ठेवा की आधीच्या कोणीतरी "हिला मी ओळखते" म्हणावं, आणि नव्या सभासदाला अ‍ॅडमिनच्या मंजुरीनंतरच आत घ्यायची सेटिंग चालू करा. जुनी आमंत्रणाची लिंक आत्तापर्यंत कुठे कुठे फिरली असेल कोण जाणे. ती रीसेट करा, जुनी लगेच निकामी होते.

आता एक नियम सांगते, जो मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ग्रुपवर क्यूआर कोड, यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक कधीच टाकायचा नाही. कोणीही नाही, तुम्हीसुद्धा नाही, मदतनिधीसाठीसुद्धा नाही. पैशांचं बोलणं विकणारी आणि घेणारी यांच्यात, फोनवर आवाज ऐकून. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर दिसणारं बँकेतलं नाव वाचून. या नियमाने फसवणूक अवघड होते हे तर आहेच. पण त्याचं खरं बळ वेगळं आहे. ग्रुपवर क्यूआर दिसला की तो खोटाच, हे पंच्याहत्तरीच्या आजींनाही क्षणात कळतं. त्यासाठी सायबर काय असतं ते समजायची गरज नाही. आज तुमच्या ग्रुपवर रोज वीस खरे क्यूआर पडत असतील, तर एकविसावा खोटा ओळखणार कोण? नियम असा हवा, की तो मोडलेला शेवटच्या सभासदालाही दिसला पाहिजे.

(याच्याच उलट दिशेचा सापळा विकणाऱ्यांना सांगून ठेवा. मोठी ऑर्डर येते, समोरचा म्हणतो मी सैन्यात आहे, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून यूपीआयचा पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे दिले. आणि लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) उघडायची नाही, ती कोणीही पाठवलेली असो.)

आधीचं काम माझ्या मते इथे संपलं. अ‍ॅडमिनचे पिन, पैशांचा नियम, दाराची मंजुरी. याहून जास्त नियम केलेत तर चौथ्या महिन्यात ते कोणी पाळणार नाही, आणि न पाळल्या जाणाऱ्या नियमांच्या गर्दीत हे तीनही बुडतील.

मग येतं कळण्याचं काम. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१४ साली सायबर सुरक्षेची एक चौकट प्रसिद्ध केली, जी जगभरच्या मोठ्या कंपन्या वापरतात. तिच्यात मूळची पाच कामं होती. आपल्याकडे काय आहे ते ओळखा, त्याचं रक्षण करा, घडलेलं टिपा, त्यावर हालचाल करा, पुन्हा उभे राहा. पाचांतली तीन कामं घटना घडू लागल्यानंतरची आहेत. या कंपन्यांकडे एवढा पैसा आणि माणूसबळ असूनही घटना घडणारच हे त्यांनी गृहीत धरलंय. चार अ‍ॅडमिनच्या ग्रुपने ते गृहीत धरायला लाज कसली?

तुमच्याकडे घडलेलं टिपणार कोण? सभासदच. त्यासाठी ग्रुपच्या माहितीत सगळ्यात वर दोन नावं आणि दोन नंबर लिहा. काहीही खटकलं तर या दोघींना सांगा, रात्री अकरालाही चालेल, एवढंच. मेसेज खोटा निघाला नाही तरी विचारणारीला "बरं केलंस विचारलंस" असंच उत्तर गेलं पाहिजे. एकदा जरी कोणी "एवढंही कळत नाही का" म्हणालं, की पुढच्या वेळी सगळ्या गप्प बसतील. त्या तीन मुली महिनाभर का बोलल्या नाहीत याचा विचार करा. सांगायचं कोणाला ते ठाऊक नव्हतं, आणि "तूच काहीतरी उत्तर दिलं असशील" हे ऐकायची भीती होती. म्हणून त्या दोघींपैकी एक अशी हवी जिच्याजवळ तरुण मुली मोकळेपणाने बोलतील. ती अ‍ॅडमिन नसली तरी चालेल.

घटना घडली की काय करायचं, ते एका कागदावर लिहा आणि चौघींच्या घरी फ्रिजवर लावा. कागदावरच, कारण व्हॉट्सअ‍ॅप गेलेलं असेल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी उघडणार नाही. चौघींचे साधे फोन नंबरही त्यावर असू द्या.

अ‍ॅडमिनचं खातं गेलं तर पहिलं काम, जिला दिसेल तिने त्या नंबरचं अ‍ॅडमिनपद काढून त्याला ग्रुपबाहेर करायचं. त्यानंतरच ग्रुप "फक्त अ‍ॅडमिन" वर टाकायचा. हा क्रम उलटा झाला तर बोलायला चोर मोकळा आणि बाकी सगळ्या मुक्या. ग्रुप सुरू करणारीला दुसरा अ‍ॅडमिन काढू शकत नाही, म्हणून तुमचा स्वतःचा फोन सगळ्यात जपायचा. मग खोट्या मेसेजचा नंबर, वेळ आणि क्यूआरसकट स्क्रीनशॉट घ्या. तो पोलिसांना लागतो. त्यानंतर मेसेज सगळ्यांसाठी पुसा, अ‍ॅडमिनला ती सोय आहे. घाईत आधी पुसून बसलात तर पुरावाही पुसला जाईल.

जिचं खातं गेलं तिने आपल्या फोनवर लगेच पुन्हा आपला नंबर टाकायचा आणि एसएमएसने आलेला कोड भरायचा. तो भरताक्षणी चोर बाहेर फेकला जातो. त्याने मध्ये स्वतःचा पिन लावला असेल तर तिला आत यायला सात दिवस थांबावं लागेल, पण चोर तेवढ्यानेही बाहेरच जातो. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. पिन मागितला की लोकांना वाटतं आता काही होऊ शकत नाही.

जिचे पैसे गेले तिने १९३० ला फोन करायचा, आधी कोणाशी चर्चा करत बसायचं नाही. हा केंद्र सरकारचा सायबर हेल्पलाइन नंबर आहे. रक्कम, वेळ, बँकेचं नाव आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की ती बँकांकडे जाते आणि पैसा ज्या खात्यांतून पुढे सरकतोय तिथे अडवायचा प्रयत्न होतो. चोर मिनिटांत पैसा चार खात्यांतून फिरवतो, म्हणून इथे तासही फार झाला. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण करायची आणि आपल्या बँकेलाही कळवायचं. कोड पाठवायला सांगणारे नंबर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षु सेवेवर कळवता येतात. पोलीस ठाण्यात गेल्यावर "हे आमच्या हद्दीत नाही" ऐकायला आलं, तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द न बघता गुन्हा नोंदवायची तरतूद आहे, हे नम्रपणे सांगा.

मुलींच्या बाबतीतली वाट वेगळी. मेसेजचे स्क्रीनशॉट घ्यायचे, नंबर रिपोर्ट करून ब्लॉक करायचा, आणि पुढे तक्रार करायची की नाही हे त्या मुलीने ठरवायचं, अ‍ॅडमिनने नाही. सायबरक्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र विभाग आहे, तिथे नाव न देताही सांगता येतं. धमकी असेल किंवा माणूस घराजवळ येत असेल तर ११२, किंवा मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा १०३. तुमचा दुसरा तट म्हणतो "काढून टाकू". काढायचं आहेच. पण निव्वळ काढलं तर तो दुसऱ्या नंबरवरून परत येतो, आणि ज्यांना त्रास झाला त्यांना कोणी विचारतही नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा, नाहीतर ऐन वेळी वाद होतील. जे परत फिरवता येतं ते एकीने, कोणालाही न विचारता, लगेच करावं. ग्रुप तासभर बंद करणं, संशयित नंबर तात्पुरता बाहेर ठेवणं, यात चूक झाली तर माफी मागून परत घेता येतं. जे परत फिरवता येत नाही त्याला मात्र दोघींची संमती आणि एका रात्रीचा विचार हवा. कायमचं काढणं, एखादीचं नाव घेऊन ग्रुपवर लिहिणं, क्यूआरवरच्या खातेदाराचा फोटो "हाच चोर" म्हणून फिरवणं. हे शेवटचं तर करूच नका. अशी खाती पुष्कळदा दुसऱ्याच कोणाची, भाड्याने किंवा फसवून घेतलेली असतात. उगाच एखाद्या कॉलेजच्या पोराच्या मागे नऊशे लोक लागतील आणि बदनामीची तक्रार तुमच्यावर येईल. "गेलेले पैसे परत मिळवून देतो" म्हणणारे फोनही येऊ लागतील. ते बहुतेक त्याच टोळीचे किंवा तिच्या भावंडांचे असतात.

प्रत्येक घटनेनंतर दोन-तीन दिवसांनी चौघींनी बसायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे. आपल्याला आधी कसं कळलं असतं? आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची तर कोणती? एकच. घाबरून पाच नियम केले की पहिला तट वाढतो, कंटाळून काहीच केलं नाही की दुसरा. वर्षातून एकदा एखादा निरुपयोगी नियम काढूनही टाका. आणि गौरी-गणपतीआधी एक, दिवाळीआधी एक, अशी दोनदा पिन, लिंक्ड डिव्हाइसेस, लिंक आणि अ‍ॅडमिनची यादी तपासा. चोर गर्दीच्या मोसमात येतो, कारण तेव्हा कोणी फोन करून खात्री करत बसत नाही.

तुम्ही अडकाल का? २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलंय, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू दिसत नसेल, तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या पापाने तुमची झोप जायचं कारण नाही. कळल्यावर तुम्ही काय केलंत, याची वेळेसकट नोंद एका वहीत ठेवत जा. पोलिसांनी विचारलं तर ती दाखवता येईल. खोट्या ओळखीने ऑनलाइन फसवणूक करणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हेगार तो आहे, तुम्ही किंवा काकू नव्हे.

काकूंना परत आणा. मेसेज पाठवू नका, त्यांच्या घरी जा. ग्रुपवर त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं असेल त्याबद्दल सगळ्यांच्या वतीने तुम्ही बोला. एकीला लाजून जावं लागलं हे नऊशे जणांनी पाहिलंय. पुढच्या वेळी कोड देऊन बसलेली बाई सांगणार नाही, लपवेल, आणि पहिला तास तसाच निघून जाईल. काकूंची तयारी असेल तर "मला कसं फसवलं" हे त्यांच्याच आवाजात दोन मिनिटं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका. माझ्या कुठल्याही सूचनेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल, कारण चोराची भाषा नेमकी कशी होती ते बायकांना ऐकायला मिळेल. त्यांनी नको म्हटलं तर आग्रह करू नका.

आणि सोडायचं म्हणता, तर सोडायला हरकत नाही, पण असं अर्ध्यावर नको. ग्रुप तुम्ही सुरू केलाय, त्यामुळे तुम्ही उठून गेलात तर अ‍ॅडमिनपैकी कोणाचंही खातं बळकावणारा बाकीच्या सगळ्याच अ‍ॅडमिनना बाहेर काढू शकेल. आधी चार जणी नेमा, त्यांचे पिन लावून घ्या, कागद फ्रिजवर लागू दे, एक मोसम त्यांच्याबरोबर काढा. दिवाळीच्या ऑर्डरी संपल्यावर पुन्हा स्वतःला विचारा. तेव्हाही थकवा तेवढाच असेल तर बिनदिक्कत बाजूला व्हा, आणि मला कळवा. त्या चौघींना काही अडलं तर त्यांनाही लिहायला सांगा.